निमखाऱ्या पाण्यातले मोठे मासे आणि मराठवाड्यातलं घर: टाकी निवडायची कशी

दुकानात रुपयाएवढा चंदेरी मासा दिसतो. अंगावर दोन काळ्या उभ्या पट्ट्या, पर पिवळसर, आणि सगळा घोळका एकाच झटक्यात वळतो. दुकानदार सांगतो, "मोनो आहे सर, गोड्या पाण्यात मस्त राहतो, दोन फुटी टाकी बास." परभणीत मी असंच ऐकून सहा मोनो घरी आणले. वर्षभरात ते तळहाताएवढे झाले, काचेला धडका देऊ लागले, अंग काळवंडलं, आणि एक सकाळी सोफ्याखाली सापडला. मग चार फुटी टाकी आली. तीही अपुरी पडली. शेवटी सहा फुटी घेतली, जी पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती. तीन टाक्यांचे पैसे गेले, कामाला एकच आली. धाकटी टाकी आता गॅलरीत आहे, तिच्यात घरच्यांनी कोरफड लावली आहे.

तुमची वेळ अशी जाऊ नये म्हणून हे लिहितो आहे. निमखाऱ्या पाण्यातल्या, म्हणजे खाडीतल्या मोठ्या आणि सतत पळणाऱ्या माशांसाठी टाकी निवडताना आपल्याकडे प्रश्न काचेचा नसतो. काच कुठेही मिळते. प्रश्न असतो पाण्याचा, विजेचा आणि पायाखालच्या जमिनीचा. म्हणून माप शेवटी ठरवायचं, आधी बाकीचं.

आधी मासा, तोही पूर्ण वाढलेला

पिल्लू बघून टाकी घेणं म्हणजे बारशाच्या कपड्यांवर लग्न उरकायला बघणं. इथे लग्नाचेच कपडे आधी शिवायचे.

चंदेरी मोनो टाकीत १५ ते २० सेंटिमीटर होतो. दुसरा सेबी मोनो पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याचा. तो लांबीपेक्षा उंच असतो, वरचा-खालचा पर धरून पूर्ण वाढलेल्या माशाची उंची फूटभर भरते. दोन्ही घोळक्यातले. एकटा किंवा दोघे ठेवले तर भित्रे होतात, सावली हलली तरी काचेवर आपटतात. पाच-सहा ही खालची मर्यादा धरा.

स्कॅट म्हणजे ठिपक्यांचा, थाळीसारखा गोल मासा. आपल्या किनाऱ्यावरच्या खाड्यांतही तो असतो. टाकीत २५ ते ३० सेंटिमीटर होतो. त्याच्या शास्त्रीय नावाचा, स्कॅटोफॅगसचा, अर्थच 'विष्ठा खाणारा' असा आहे. नाव वाईट पण खरं, हा मासा काहीही खातो आणि खातो तेवढीच घाण करतो. टाकीत झाडं लावायचा विचार असेल तर स्कॅट ती भाजी समजून संपवेल. त्याच्या पाठीवरच्या काट्यांत विष असतं, जाळीतून काढताना हात सांभाळा.

आर्चर म्हणजे पाण्याची पिचकारी मारून पानावरचा किडा पाडणारा मासा. २० ते २५ सेंटिमीटर, आणि उडी मारण्यात पटाईत. 'मिनी शार्क' म्हणून जो विकतात तो प्रत्यक्षात मांगुरासारखा मिशांचा मासा आहे, अमेरिकेच्या प्रशांत महासागराकडच्या किनाऱ्यावरचा. फूटभर किंवा जास्तच वाढतो आणि दिवसभर टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालतो. त्याच्याही परांच्या काट्यांत विष आहे.

हिरव्या ठिपक्यांचा पफर गोंडस दिसतो म्हणून लोक याच टाकीत सोडतात. सोडू नका. तो दुसऱ्यांचे पर कुरतडतो, त्याला स्वतंत्र टाकी द्या. आणि कुणी जिताड्याचं पिल्लू स्वस्तात देऊ केलं तर हात जोडा. कोकणात ज्याचं कालवण होतं तो जिताडा मीटरभर वाढतो, त्याला घर नाही, तळं लागतं.

आपल्याकडे फारसा कुणी विचारात घेत नाही असा एक मासा आहे, कालुंदर. केरळात त्याला करीमीन म्हणतात, तो तिथला राज्यमासा आहे. गोड्या आणि निमखाऱ्या अशा दोन्ही पाण्यात तो राहतो, मोनोसारखा भिरभिरत नाही, आणि मीठ कमी लागतं. पाण्याची फार ओढाताण असलेल्या घरात मी मोनोऐवजी हाच सुचवतो.

एका कागदावर लिहा: कोणते मासे, किती, आणि प्रत्येकाची पूर्ण वाढीची लांबी. पुढचं सगळं या कागदावरून.

बोअरचं मचूळ पाणी म्हणजे खाडीचं पाणी नव्हे

हा गैरसमज मी इतक्या लोकांकडून ऐकला आहे की त्यासाठी वेगळा परिच्छेद देतो. "आमच्या बोअरचं पाणी तसंही मचूळ आहे, साबणाला फेस येत नाही, मग मीठ कशाला?"

आपल्या बेसाल्टी काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्याला चव येते ती कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटच्या क्षारांमुळे. टीडीएस मीटरवर १५०० आकडा आला तर आपण कपाळाला हात लावतो. १५०० म्हणजे लिटरमागे दीड ग्रॅम क्षार. समुद्रात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम असतात. मोठ्या मोनो-स्कॅटसाठी आपण जे पाणी करणार, म्हणजे पाण्याची घनता दाखवणाऱ्या हायड्रोमीटरवर १.०१० च्या आसपास, त्यात लिटरमागे १४ ग्रॅमच्या घरात असतात. तुमचं खारट बोअर या हिशेबात नऊपटीहून जास्त गोडं आहे.

मात्र तुमचं बोअर वाया नाही. या माशांना कठीण आणि पीएच ८ च्या जवळचं पाणी मानवतं, गोड्या पाण्याच्या नाजूक माशांना जे नको तेच यांना हवं. म्हणजे बोअर हा चांगला पाया, त्यावर समुद्री मीठ घालायचं. समुद्री मीठ म्हणजे मत्स्यालयासाठी मिळणारं मिश्रण. किराणातलं जाडं मीठ किंवा शेंदेलोण चालत नाही, त्यात जवळपास सगळं सोडियम क्लोराइड असतं, समुद्राच्या पाण्यातले बाकीचे क्षार नसतात.

बोअरचं पाणी वापरण्याआधी एक चाचणी नक्की करा, नायट्रेटची. शेताच्या कडेच्या बोअरमध्ये युरियाचा अंश उतरलेला असतो. टाकीत घाण साचली की नायट्रेट वाढतं आणि ते खाली आणायला आपण पाणी बदलतो. बदलायचं पाणीच नायट्रेटनं भरलेलं असेल तर काय बदललं?

नळाचं किंवा टँकरचं पाणी असेल तर टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीन, पडलेली असते. सोडियम थायोसल्फेटचे खडे दुकानात मिळतात, क्लोरीन मारायला ते पुरतात.

आठवड्याचं पाणी मोजा

मला जे मुख्य सांगायचं आहे ते इथे आहे. टाकी किती फुटी हे दुकानात ठरवू नका, घरातल्या ड्रमवर ठरवा.

स्कॅट-मोनोसारखे खादाड मासे असतील तर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावं लागतं. सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच टाकीत प्रत्यक्ष पाणी ६०० लिटरच्या आसपास बसतं, खालच्या फिल्टरच्या टाकीत आणखी ७० धरा. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे साधारण १७० लिटर. दर आठवड्याला. त्यात अडीच किलो समुद्री मीठ. महिन्याला दहा किलो. मासे, टाकी, दिवे यांचा खर्च एकदाच होतो, मिठाचा दर महिन्याला होतो, आणि तो आधी कुणी सांगत नाही.

आता तुमच्या घरी मे महिन्यात आठवड्याला १७० लिटर पाणी मोकळं निघतं का? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा प्रश्न का विचारतो हे वेगळं सांगायला नको. नळ आठ दिवसांनी येतो अशा गल्लीत माशाच्या टाकीसाठी टँकरवाल्याला फोन करताना शेजाऱ्यांच्या नजरा चुकवाव्या लागतात. मी चुकवल्या आहेत.

यावर तीन उपाय मला लागू पडले.

पहिला, घरातल्या आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी. ते कठीण असतं, क्षार जास्त असतात, पण आपल्या माशांना त्याचं वावडं नाही. शिवाय क्लोरीन आधीच्या कार्बन फिल्टरमध्ये अडकलेला असतो. सिंकखालची नळी ड्रममध्ये सोडली की आठवड्यात बरंचसं पाणी साठतं. नायट्रेट मात्र या पाण्यात मूळपेक्षा दाट होतं, तेवढं तपासा.

दुसरा, पावसाचं पाणी. स्लॅबवरचा पहिला पाऊस सोडून द्या, नंतरचा झाकणाच्या ड्रममध्ये भरून ठेवा. हे पाणी बदलण्यासाठी नव्हे, भर घालण्यासाठी. टाकीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. पातळी उतरली की मिठाचं पाणी ओतलं तर खारेपणा वाढत जातो, आणि बोअरचं ओतलं तर कठीणपणा. भर नेहमी गोड्या, हलक्या पाण्याची: पावसाचं किंवा आरओचं पिण्याचं. सहा बाय दोनच्या टाकीची पातळी अर्धा सेंटिमीटर उतरली म्हणजे साडेपाच लिटर गेलं. मेमध्ये हे दिवसाआड सहज होतं.

तिसरा उपाय काढलेल्या पाण्याचा. गोड्या पाण्याच्या टाकीतलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला सोनं. हे पाणी मात्र विष. लिटरमागे १४ ग्रॅम मीठ असलेलं पाणी अंगणात ओतत राहिलात तर वर्षभरात तिथे गवतही उगवणार नाही. बोअर पुनर्भरणाच्या खड्ड्यात तर चुकूनही सोडू नका. आमच्याकडे ते दोन ड्रममध्ये भरून संडासात ओतायला वापरतो. म्हणजे तेवढं गोडं पाणी तिथलं वाचतं, आणि घरातली तक्रारही निम्म्यावर येते.

हे सगळं धरूनही आकडा जमत नसेल तर टाकी लहान घ्यायची नाही, मासे बदलायचे. लहान टाकीत मोठे मासे कोंबले तर पाणी कमी लागत नाही, जास्त लागतं, कारण घाण तेवढीच आणि ती विरघळायला पाणी थोडं.

माप

सूत्र सोपं आहे. फुटात लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, त्याला २८.३ नं गुणा, की लिटर येतात. पण लिटर हे निम्मंच उत्तर. चारशे लिटरची उभी, उंच टाकी आणि चारशे लिटरची लांब टाकी माशासाठी सारखी नाही. पळणाऱ्या माशाला लांबी लागते आणि वळायला रुंदी. उंची आपल्या डोळ्यांसाठी असते.

मी असं बघतो: रुंदी मोठ्यात मोठ्या माशाच्या लांबीच्या दुप्पट, लांबी निदान सहापट. ३० सेंटिमीटरच्या स्कॅटला दोन फूट रुंदी म्हणजे काठावर पास, अडीच फूट असेल तर तो पाठ न घासता वळतो. बाजारात तयार मिळणाऱ्या चार फुटी टाक्या बहुतेक दीड फूट रुंद असतात, आणि तिथेच त्या बाद होतात. लांबी कमी पडण्याआधी रुंदी कमी पडते.

पाच बाय दोन बाय दोन, म्हणजे कागदावर ५६६ लिटर, ही मी खालची पायरी मानतो. यात पाच-सहा चंदेरी मोनो, किंवा चार-पाच आर्चर. दोन्ही एकत्र नकोत. सहा बाय दोन बाय दोन, ६८० लिटर: पाच मोनो आणि दोन स्कॅट. सहा बाय अडीच बाय दोन, साडेआठशे लिटर: यात मोनो-स्कॅटबरोबर दोन-तीन मिनी शार्क जमतात. फक्त अर्धा फूट रुंदी वाढली तर टाकीचा स्वभावच बदलतो. भिंतीपासून अर्धा फूट जास्त पुढे येणार एवढंच, घरात भांडायचं असेल तर या अर्ध्या फुटासाठी भांडा.

आर्चर ठेवणार असाल तर पाणी काठोकाठ भरता येत नाही. पिचकारी मारायला पाण्यावर सहा-आठ इंच हवा लागते, म्हणजे टाकी तेवढी उंच सांगा. सेबी मोनोलाही दोन फुटांपेक्षा कमी उंची नको.

ठेवायची कुठे

सहा फुटी टाकीचं पाणी ६०० किलो, १२ मिलिमीटरची काच १२० किलो, वाळू ५०-६०, लोखंडी स्टँड आणि खालची पाण्यासकट टाकी मिळून दीडशे-पावणेदोनशे. बेरीज साडेनऊशे किलोच्या आसपास, आणि ही सगळी बारा चौरस फुटांवर. चौरस फुटाला ८० किलो. घरातल्या खोलीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलोच्या वापराचा धरतात, म्हणजे चौरस फुटाला १८-१९. तो आकडा सगळ्या खोलीवर पसरलेल्या वजनाचा असतो हे खरं, पण तरी वरच्या मजल्यावर खोलीच्या मधोमध अशी टाकी नको. बीमच्या वर, भिंतीला समांतर, आणि तेही बांधकामाचा नकाशा बघू शकणाऱ्या इंजिनिअरला विचारून. "काही होत नाही हो" म्हणणाऱ्याला नव्हे. मालवदाच्या किंवा जुन्या लाकडी माडीच्या घरात वर टाकी नेण्याचा विचारही करू नका.

तळमजला बरा, पण आपल्याकडे तळमजल्यालाही काळ्या मातीचं भय आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जोत्यात मुरूम नीट दाबून भरलेला नसेल तर फरशी कुठेतरी पोकळ असते. आमच्या गवंडी मामांनी एक दिवस नाण्यानं शहाबादी फरशी ठोकत सगळी खोली फिरून दाखवली. "सर, ह्यो कोपरा घेऊ नका. आवाज बगा, खाली पोकळ हाय." मी जो कोपरा निवडला होता तोच. शेवटी दुसऱ्या भिंतीलगत तीन फरश्या उखडल्या, खाली चार इंच काँक्रीट ओतलं आणि वर पुन्हा फरशी बसवली. दोन दिवसांचं काम, पण पाच वर्षांत स्टँड तसूभर हलला नाही.

पातळी बघायला गवंड्याची पाण्याची नळी सगळ्यात भरवशाची. चारही पाय सारखे आले पाहिजेत. एका टोकाला तीन-चार मिलिमीटर फरक दिसला तर तो टाकीखाली पुठ्ठा घालून झाकू नका, स्टँडच्या पायाखाली पूर्ण रुंदीची लोखंडी पट्टी घालून काढा.

खिडकीतून ऊन येणारी, पश्चिमेची भिंत टाळा. बोर्ड जवळ हवा, पण टाकीच्या वर किंवा खाली नाही. बाजूला.

काच, सिलिकॉन, स्टँड

दोन फूट उंच आणि सहा फूट लांब काचेवर पाण्याचा एकूण जोर ३४० किलोच्या घरात जातो. म्हणजे चार धडधाकट माणसं आतून काचेला रेटा देऊन उभी आहेत असं समजा, रात्रंदिवस. म्हणून दोन फूट उंचीला मी १२ मिलिमीटरपेक्षा पातळ काच घेत नाही, आणि वरच्या कडेला आतून पट्ट्या व मधे आडवी पट्टी हवीच. "दहा एमएम चालतं" असं सांगणारे भेटतील. चालतंही. कधीपर्यंत, हे तेही सांगत नाहीत.

काचेच्या कडा घासलेल्या हव्यात. सिलिकॉन आंबट व्हिनेगरसारखा वास येणारा, बुरशीरोधक औषध न घातलेला. बाथरूमसाठी मिळतो तो नको. जोड भरल्यावर आठवडाभर हात लावायचा नाही. खाली फिल्टरची टाकी जोडायची असेल तर काचेला भोकं आधीच पाडून घ्या, टाकी तयार झाल्यावर पाडणं म्हणजे जुगार.

काचेऐवजी सिमेंटचा हौद आणि समोर एकच काच असाही पर्याय काहींनी केला आहे, जागा मोठी असेल तर स्वस्त पडतो. पण सिमेंट चुना सोडतं, आतून इपॉक्सीचे थर दिल्याशिवाय नको. जुनी टाकी मिळत असेल तर अंगणात सावलीला सपाट जागी काठोकाठ भरून दोन दिवस ठेवा, खाली वर्तमानपत्र अंथरा. कागद ओला झाला तर सौदा मोडा.

स्टँड वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या, ४० बाय ४० च्या चौकोनी पाइपचा, भिंत दोन मिलिमीटर. वेल्डिंगवाले दादा स्वतःहून तिरपी पट्टी घालत नाहीत, ती मागच्या बाजूला आणि दोन्ही कडांना मागून घ्या. वजन खाली दाबतं ते पाय सांभाळतात, पण बाजूला हलणं सांभाळते ती तिरपी पट्टी. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. स्टँडला मागून दोन क्लॅम्प लावून भिंतीला धरून ठेवलं तर बिघडत काही नाही.

रंगात कंजुषी नको. मिठाचं पाणी शिंतोड्यांतून, थेंबांतून वर चढतं आणि पांढरा थर धरतं. इपॉक्सी प्रायमर आणि दोन हात रंग नसेल तर दोन पावसाळ्यांत स्टँड गंजतो. स्टँडवर प्लाय, प्लायवर थर्माकोलचा पातळ शीट, त्यावर टाकी.

झाकण

झाकण हवंच. मोनो दचकून उडतो, आर्चर हौसेनं. अ‍ॅक्रिलिक वाफेनं वाकतं, त्यापेक्षा शेडसाठी मिळणारा दुहेरी भिंतीचा पॉलिकार्बोनेट शीट कापून घ्या. लोखंडी जाळी, साधे स्क्रू, बिजागऱ्या काही नको.

फिल्टर, आणि लाईट जाते तेव्हा

बंद डब्याचे फिल्टर दिसायला सुबक असतात, पण वीज गेली की आतल्या जिवाणूंचा प्राणवायू काही तासांत संपतो. वीज आल्यावर तो डबा टाकीत घाणच ओकतो. आपल्याकडे जिथे वीज सांगून आणि न सांगून जाते तिथे उघडी सम्प बरी, म्हणजे स्टँडखाली ठेवायची दुसरी टाकी. पाणी वरून भोकातून खाली येतं, स्पंजातून, सिरॅमिक किंवा प्लास्टिकच्या गोळ्यांतून जातं, पंप पुन्हा वर चढवतो. तासाला एकूण पाण्याच्या सहा ते आठपट फिरलं पाहिजे, म्हणजे ४००० ते ५००० लिटरचा पंप, आणि तो चार-पाच फूट वर चढवतानाही तेवढा द्यायला हवा. डब्यावरचा आकडा सपाटीवरचा असतो.

सम्प घेताना एक हिशेब चुकला तर दिवाणखान्यात पूर येतो. पंप बंद पडला की वरच्या टाकीतलं जास्तीचं पाणी खाली उतरतं. वरची पातळी एक इंच उतरली तरी खाली २८ लिटर येतात, पाइपातलं वेगळं. तीन फूट लांब, सवा फूट रुंद-उंच सम्पमध्ये १३० लिटर मावतात. ती ७० लिटरवरच चालवा, बाकी जागा मोकळी. पंपाच्या पाइपाला पाण्याच्या पातळीखाली लगेच एक बारीक भोक पाडा, नाहीतर तोच पाइप उलटा सायफन होऊन टाकी रिकामी करतो. हे सगळं बसवलं की मुद्दाम मेन स्विच पाडून बघा. मी पाचदा पाडला. सहाव्यांदा खरोखरची लाईट गेली तेव्हा झोप लागली.

इन्व्हर्टरवर पंप आणि हवेचा पंप एवढेच जोडा. ५० वॅटचा पंप आठ तासांत ४०० वॅट-तास खातो, नेहमीच्या मोठ्या बॅटरीला ते झेपतं. हीटर इन्व्हर्टरवर कधीच नाही. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, म्हणून या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आणि खरं, तपासलेलं अर्थिंग. प्रत्येक वायरीला प्लगच्या आधी खाली झोळ ठेवा, थेंब वायरीवरून आला तर झोळाच्या तळाशी टपकावा, प्लगमध्ये जाऊ नये.

मे आणि डिसेंबर

या माशांना २४ ते २८ अंश सुखाचं. ३० चालतं. मेमध्ये स्लॅबच्या घरात पाणी ३४ पर्यंत जातं, आणि पाणी जितकं गरम व खारं तितका त्यात प्राणवायू कमी. पळणाऱ्या माशाला तो जास्त लागतो. दुपारी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले तर उशीर झाला समजा.

उपाय माठाचाच आहे. झाकण थोडं सरकवून जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून लहान पंखा सोडा, बाष्प उडतं आणि दोन-तीन अंश उतरतात. आपली कोरडी हवा इथे मदतीला येते. पण त्याच खोलीत पाण्याचा कूलर लावला तर हवा दमट होते आणि पंख्याचा गुण कमी होतो. कूलर दुसऱ्या खोलीत, किंवा खिडकी उघडी. पंख्यामुळे पाणी जास्त उडणार, पावसाच्या ड्रमची आठवण तेव्हा होते.

डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पहाटे हात गारठतात. एक मोठा हीटर घेण्यापेक्षा ३०० वॅटचे दोन घ्या. एक अडकून चालूच राहिला तरी टाकी उकळत नाही. ते सम्पमध्ये ठेवा, वर ठेवले तर स्कॅट फोडतो.

भरायची कशी

टाकी जागेवर आली की आधी साधं पाणी भरा, तीन दिवस बघा, जोड चाचपा, पातळी पुन्हा मोजा. मग मीठ. मीठ ड्रममध्ये आधी विरघळवा आणि पूर्ण ताकदीचं घालू नका, १.००५ पासून सुरुवात करा. मोजायला साधा काटा फिरणारा हायड्रोमीटर चालतो, पण काट्याला बुडबुडा चिकटला की खोटं बोलतो. टिचकी मारून बुडबुडे सोडवा. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे एका थेंबावर खारेपणा दाखवणारी दुर्बीण, घेणार असाल तर आधी आरओच्या पाण्यावर शून्य लावून घ्या. टीडीएस मीटर इथे निरुपयोगी.

फिल्टर पिकायला, म्हणजे त्यात घाण पचवणारे जिवाणू वाढायला, चार ते सहा आठवडे जातात. ही घाई आपल्याकडे जास्त महागात पडते, कारण आपलं पाणी पीएच ८ च्या वर आणि गरम. अशा पाण्यात तेवढाच अमोनिया कितीतरी जास्त विषारी ठरतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवेपर्यंत मासे आणू नका. मग मोनो सगळे एकदम आणा, एकेक नव्हे. स्कॅट महिनाभरानं.

दुकानात ते बहुतेक गोड्या पाण्यात असतात. पिशवीत टाकीचं पाणी तासाभरात थोडं थोडं मिसळा. पुढे आठवड्याला ०.००२ इतकाच खारेपणा वाढवत १.०१० पर्यंत न्या. माशांना याहून झपाट्यानं बदललेलं चालतं, खाडीत भरती-ओहोटीला रोज तेच होतं, फिल्टरमधल्या जिवाणूंना चालत नाही. पहिले दोन दिवस दिवा लावू नका, खायलाही थोडंच द्या, आणि झाकणाच्या दोन्ही टोकांवर एकेक वीट ठेवा.